पोट मिटतानाची चार मिनिटे

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,



मी निवृत्त परिसेविका आहे. ३१ वर्षांच्या सरकारी नोकरीपैकी २३ वर्षे शस्त्रक्रियागृहात, म्हणजे ओटीत, गेली, आधी तालुक्याच्या रुग्णालयात आणि मग जिल्ह्याच्या. बदलीसाठी किंवा पेन्शनसाठी हे पत्र नाही. आपल्या खात्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ऑपरेशनची एक नोंदवही असते. तिच्यात एक रकाना वाढवावा, ही माझी मुख्य मागणी आहे. पोट शिवायला किती सेंटिमीटर दोरा लागला, एवढेच त्या रकान्यात लिहायचे. मागणी लहान वाटेल, पण ती कुठून आली ते ऐकून घ्यावे.

माझी धाकटी जाऊ खानावळ चालवते. सकाळी सहाला तवा चढतो तो दुपारी दोनला उतरतो, आणि संध्याकाळी पुन्हा चढतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्याला पीळ पडला. पोट टमटमीत फुगले, उलट्या थांबेनात. रात्री दीड वाजता पोट उघडून ऑपरेशन झाले आणि ती वाचली. ज्या डॉक्टरांनी ते केले त्यांचे उपकार आमचे घर विसरणार नाही, हे आधीच लिहून ठेवते. तिची उंची पाच फूट, वजन तेव्हा ८४ किलो. दहाव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकातून पू आला, तीन आठवडे ड्रेसिंग चालले. आठव्या महिन्यात बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा दिसू लागला. आज तो नारळाएवढा आहे.

परातीसमोर तिला आता सरळ बसता येत नाही. उजवा पाय लांब करून ती तिरकी बसते, डावा हात पोटाखाली देते आणि एका हाताने पीठ मळते. विकतचा पट्टा चुलीजवळ घामाने काचतो, म्हणून टॉवेलची चौपदरी घडी पोटावर ठेवून वरून परकराची नाडी आवळते. शिंक येणार असे वाटले की हातातले लाटणे टाकून दोन्ही हात आधी पोटाकडे जातात. गेल्या वर्षी एका लग्नात पंगतीत कुणी तरी तिला विचारले, "कितवा महिना?" ती ५१ वर्षांची आहे. तेव्हापासून ती लग्नाकार्याला जात नाही, आहेर पाठवून देते.

मी तिचे कागद मागवून घेतले. ऑपरेशनची नोंद पाहिली. आत काय सापडले याची दोन पाने भरून माहिती होती. आतडे कुठे चिकटले होते, किती काळे पडले होते, किती कापले, कसे जोडले, सगळे नीट लिहिले होते. पोट कसे मिटवले याबद्दल अगदी शेवटी एक ओळ होती, ‘क्लोज्ड इन लेयर्स’. थराथराने बंद केले. कोणत्या दोऱ्याने, किती अंतरावर, कुणाच्या हाताने, यातले काही नाही. ती ओळ वाचून मला दुसऱ्या कुणाचा राग आला नाही. माझ्या डोळ्यांदेखत ती हजारदा लिहिली गेली आहे आणि तेवीस वर्षांत मी एकदाही विचारले नाही की बाबा रे, यात काही राहिले तर नाही ना?

ओटीबाहेरच्या माणसाला हे कळावे म्हणून शेवटची पंधरा मिनिटे कशी असतात ते सांगते. अवघड काम संपले की खोलीतला ताण उतरतो. मोठे सर गाऊन सोडतात, ‘बंद करून घे रे’ म्हणतात आणि नातेवाइकांशी बोलायला बाहेर जातात. टेबलाशी उरतो तो खोलीतला सगळ्यात लहान डॉक्टर, रात्रभर जागलेला. बाहेर ट्रॉलीवर पुढची पेशंट आलेली असते. मी मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडे, मोजते, ‘काउंट बरोबर’ सांगते. मग जाड दोऱ्याची लूप, मोठी सुई आणि लांब लांब टाके. बारीक अंगाच्या माणसाचे पोट असे भरभर मिटते. जाड माणसाचे मिटत नाही. आतडी वर येत राहतात, चरबी चारी बाजूंनी खोबणीत कोसळते, रिट्रॅक्टर धरणाऱ्याचे हात थरथरतात, शीथची कड दिसत नाही. शिवणारा भूलतज्ज्ञांना म्हणतो, ‘मॅडम, थोडे रिलॅक्सेशन द्या ना.’ त्या म्हणतात, ‘आता संपत आलंय, पटकन घ्या.’ हे बोलणे ज्याने ऐकले नाही असा ओटीतला माणूस मला अजून भेटलेला नाही. दोघांचेही बरोबर असते. पेशंटला शुद्धीवर आणायची वेळ झालेली असते आणि टाका घालायला जागा हवी असते.

शीथ म्हणजे पोटाच्या स्नायूंवरचे पांढरे, चिवट आवरण. छातीच्या हाडापासून खाली ओटीपोटापर्यंत मधोमध त्याचीच एक उभी पट्टी जाते. पोट घाईने उघडायचे तर सर्जन तिथूनच जातो, कारण तिथे रक्त कमी आणि वाट सरळ. पोटाची भिंत उभी राहते ती या थरावर. घरच्यांना कातडीचे टाके दिसतात. ते आठ-दहा दिवसांनी निघाले की ‘टाके निघाले’ म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. खरे टाके आत असतात. तिथे पुन्हा बळ यायला महिने लागतात आणि मूळ होते तेवढे ते कधीच येत नाही. तेवढे महिने दोऱ्यालाच भार वाहायचा असतो. दोरा सुटला, ढिला पडला किंवा मांस कापत गेला की दोन कडा फाकतात आणि त्या फटीतून आतडे कातडीखाली येऊन बसते. याला जखमेवरचा हर्निया म्हणतात. जुनी माणसे अंतर्गळ म्हणत.

ही फट वर्षाने पडते असा आमचा समज होता, कारण फुगवटा वर्षाने दिसतो. ते खरे नाही. इंग्लंडमध्ये काही डॉक्टरांनी शीथच्या दोन्ही कडांना धातूच्या बारीक क्लिपा लावून ऑपरेशननंतर एक्स-रे काढले होते. १९८९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या महिन्यातच ज्यांच्या क्लिपा १२ मिलिमीटरहून जास्त दूर गेल्या होत्या, त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे हर्निया झाला. माझ्या जावेचा हर्नियासुद्धा आठव्या महिन्यात झालेला नाही. त्याची सुरुवात पहिल्या महिन्यात, कदाचित त्याच रात्री टेबलावर झाली असणार.

लठ्ठपणात हे जास्त का होते? नुसते पडून असताना पोटात पाऱ्याचे ५ ते ७ मिलिमीटर एवढा दाब असतो. स्थूल माणसात तो ९ ते १४ पर्यंत असू शकतो, म्हणजे टाक्यावरचा ताण विश्रांतीतही जवळपास दुप्पट. खोकला, शिंक, कुंथणे त्याच्यावर. दुसरे कारण चरबी. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे कातडीखालचा तो जाड थर लवकर पिकतो, आणि पिकलेल्या जखमेत दोरा टिकत नाही. तिसरे कारण टाक्यातच आहे. लांबचा टाका घेतला की शीथबरोबर चरबी आणि स्नायूही दोऱ्यात येतात. तो मऊ ऐवज दोन दिवसांत दबतो, सुकतो, आणि कालचा घट्ट टाका आज सैल होतो. कडेपासून पाच मिलिमीटरवर फक्त शीथ पकडली तर दबायला मऊ काही उरतच नाही.

लठ्ठ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर फार अवाढव्य माणूस येतो. तसे नाही. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ५८ किलोच्या पुढे गेले की तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ ओलांडतो, आणि आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी स्थूलतेची रेघ तिथेच आखली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष २५ किंवा त्याच्या वर होते. ही आपल्या शेजारची, आपल्या घरातली माणसे आहेत. आपल्या वॉर्डात यांची पोटे रोज उघडतात.

आपल्याला निर्णय घ्यायचा आहे, म्हणून दोऱ्याचे आकडे देते. जेनकिन्स नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९७६ मध्ये साधे गणित मांडले. ऑपरेशननंतर पोट फुगते, त्याबरोबर जखमही लांबते. दोरा पुरेसा नसेल तर तो ताणला जाऊन शीथ कापत सुटतो. म्हणून जखमेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा आत गेला पाहिजे. वीस सेंटिमीटरचा छेद असेल तर किमान ८० सेंटिमीटर. पुढे स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावच्या रुग्णालयात इस्राएल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोरा वर्षानुवर्षे मोजून ठेवला. २००९ साली त्यांनी ७३७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. लांब टाक्यांच्या गटात १८ टक्के लोकांना हर्निया झाला, छोट्या टाक्यांच्या गटात ५.६ टक्के. जखम पिकण्याचे प्रमाणही १०.२ टक्क्यांवरून ५.२ वर आले.

२०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली, रुग्ण ५६०. अर्ध्यांना जुन्या पद्धतीने सेंटिमीटरभर अंतराचे जाड लूपचे टाके. अर्ध्यांना बारीक दोरा, लहान सुई, कडेपासून पाच मिलिमीटर आणि दोन टाक्यांतही पाचच मिलिमीटर. वर्षभरानंतर पहिल्या गटात २१ टक्क्यांना हर्निया, दुसऱ्यात १३ टक्क्यांना. टाके सरासरी २५ च्या जागी ४५ पडले. आणि वेळ किती जास्त लागला? आधी दहा मिनिटे लागत होती, आता चौदा लागली.

चार मिनिटे, महोदय. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले. तेवीस वर्षांत किती वेळा मी स्वतः त्या लहान डॉक्टरला म्हटले असेन, ‘आटपा हो, पुढची केस थांबलीय.’

या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण अंगाने मध्यम होते, हे सांगितले नाही तर मी आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. जर्मनी आणि ऑस्ट्रियात नंतर झालेल्या अशाच एका चाचणीत वर्षभरात छोट्या टाक्यांच्या गटात हर्निया कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आणि त्या चाचणीत ३० च्या वर बीएमआय असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. ज्यांना सगळ्यात जास्त धोका, त्यांच्यावरच अभ्यास कमी. तरीही युरोप आणि अमेरिकेच्या हर्निया संघटनांनी २०२२ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यात नियोजित ऑपरेशनात मधला छेद मिटवताना छोटे टाके आणि किमान चौपट दोरा हाच सल्ला कायम ठेवला. सावकाश विरघळणारा, सलग दोरा वापरा असेही त्यात आहे. मला हा सल्ला पटतो, कारण त्यात रुग्णाचे नुकसान कुठेच नाही. लागतात ती चार मिनिटे आणि दोऱ्याचे एखादे जास्तीचे पाकीट.

स्थूल रुग्णांवरचा मोठा पुरावा पोटाच्या भिंतीला आधार म्हणून बसवायच्या कृत्रिम जाळीचा आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्स, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या अकरा रुग्णालयांतून ४८० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पोटातली महाधमनी फुगलेले किंवा २७ वा त्याहून जास्त बीएमआय असलेले, म्हणजे धोक्यातलेच रुग्ण मुद्दाम निवडले होते. आमच्या पाच फुटी बाईच्या हिशेबात २७ म्हणजे ६३ किलो. दोन वर्षांनी पाहिले तर नुसते टाके घातलेल्यांत ३० टक्क्यांना हर्निया झाला होता. शीथच्या वर जाळी बसवलेल्यांत १३ टक्क्यांना, आणि शीथच्या खाली बसवलेल्यांत १८ टक्क्यांना. वरच्या जाळीत पाणी साठण्याचा त्रास जास्त होता. आपण जाळी वापरतो ती हर्निया झाल्यावर. इथे ती आधीच, होऊ नये म्हणून वापरली होती.

मात्र जाळी सरसकट नको. आतडे फुटलेले, पोटात घाण सांडलेली असेल तिथे परकी वस्तू ठेवली तर ती पिकण्याची भीती असते. माझ्या जावेचे आतडे कापले होते, तिच्यासाठी मी जाळी मागितली नसती. छोटे टाके, मोजलेला दोरा आणि बदललेले हातमोजे मागितले असते.

हातमोज्यांचेही सांगायला हवे, कारण ती चाचणी आपल्या देशातही झालेली आहे. भारत, घाना, नायजेरिया, रवांडा, बेनिन, मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांतली ८१ रुग्णालये, तेरा हजारांहून अधिक रुग्ण, प्रसिद्धी २०२२. पोट मिटवायला घेण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि मिटवण्यासाठी वेगळी स्वच्छ अवजारे घ्यायची, एवढाच फरक. जखम पिकण्याचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. तेरा हजार माणसांत तेवढा फरक पडला तर शेकडो माणसे ड्रेसिंगच्या रांगेतून सुटतील. आणि जी जखम पिकत नाही तिच्यात हर्नियाही कमी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. एक छोटा ट्रे आणि हातमोज्यांच्या चार जोड्या आधीच बाजूला काढून ठेवायच्या. हे काम सिस्टरचे आहे आणि ते ती करील, पण स्टोअरमधून हातमोजे मोजून मिळत असतील तर ती कशाला धजेल? माझ्या कपाटातही बहुधा जाड लूप आणि मोठी सुईच असायची. बारीक, सावकाश विरघळणारा दोरा लहान सुईसह मागणीपत्रात लिहिला की ‘स्टॉक नाही’ हा शेरा ठरलेला. वस्तू नसेल तर शिकवून उपयोग काय?

आता माझ्या रकान्याकडे येते. ओटीत आम्ही मॉप मोजतो, सुया मोजतो, अवजारे मोजतो. एक मॉप कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, पोट मिटत नाही. या मोजणीने किती माणसे वाचली असतील त्याचा हिशेब नाही. तशीच दोऱ्याची मोजणी करायची. पाकिटावर दोऱ्याची लांबी छापलेली असते. शिवून झाल्यावर उरलेला तुकडा आणि गाठींनंतर कापलेली शेपटे ट्रेमध्ये गोळा करायची, निर्जंतुक पट्टीवर मोजायची आणि वजा करायची. समजा छेद २२ सेंटिमीटरचा होता. ७० सेंटिमीटरची दोन पाकिटे उघडली, म्हणजे १४० सेंटिमीटर दोरा. उरला ४५. आत गेला ९५. भागिले २२ केले की ४.३ येते. चारच्या वर आहे, ठीक. ३.१ आले असते तर टाके लांब पडले हे तिथल्या तिथे, पेशंट टेबलावर असतानाच कळले असते. सातवी पास मावशीसुद्धा हा हिशेब करू शकेल.

नुसता आकडा सगळे सांगत नाही, हे मला माहीत आहे. मोठमोठे टाके घेऊनही चौपट दोरा भरता येतो. म्हणून आकड्याशेजारी टाके किती आणि शिवले कुणी, हेही यावे. पण जिथे मोजतात तिथे हात आपोआप जपून चालतो, हे मी मॉपच्या बाबतीत बघितले आहे. आणि रात्री तीन वाजता शिवणाऱ्या त्या मुलाला कुणी तरी विचारणारे आहे हे कळले, तर मोठे सरही पाच मिनिटे थांबतील. स्थूल पेशंटचे पोट मिटेपर्यंत वरिष्ठांनी टेबल सोडू नये, असा नियमच करावा. तो मुलगा आळशी नसतो. त्याला हे कुणी हात धरून शिकवलेले नसते.

ऑपरेशन आधीच ठरलेले असेल तर त्याआधीही बरेच करता येते. तंबाखू किमान चार आठवडे आधी सुटली पाहिजे. यात बिडी-सिगारेट आपण विचारतो, मिश्री विचारत नाही. खेड्यातली बाई ‘तंबाखू खात नाही’ म्हणून सांगते आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना मिश्री लावते. तिच्या दृष्टीने ते दात घासणे असते. प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा लागतो. साखर ताब्यात हवी. जिथे दुर्बिणीने किंवा आडव्या छेदातून काम भागते तिथे मधला उभा छेद टाळता आला तर उत्तम, आणि दुर्बिणीच्या दहा मिलिमीटरच्या आणि त्याहून मोठ्या भोकांना शीथचा टाका पडलाच पाहिजे. जाड पोटात ते भोक खोल जाते, दिसत नाही, म्हणून तसेच राहते.

आणि वजन. ‘वजन कमी करून या’ एवढे बोलून बाईला परत पाठवणे म्हणजे उपचार नव्हे. किती, कसे, किती दिवसांत, काय खाऊन, हे सांगायला कुणी नसते. ती घरी जाते, चार दिवस उपाशी राहते, शेवटी तशीच इमर्जन्सीत येते. वॉर्डात तिच्या अंगावरून बोलले जाते, ट्रॉलीवर उचलताना शेरे मारले जातात. मीही ऐकून गप्प बसलेली आहे. माझ्या जावेलाही दुसऱ्या ऑपरेशनबद्दल विचारायला गेल्यावर एके ठिकाणी पहिले वाक्य हेच ऐकू आले की खाणे कमी केले असते तर ही वेळ आली नसती. ती खानावळ चालवते आणि स्वतः दुपारी चारला जेवते. जाड माणसाचे शरीर ही शिवणाऱ्या हातापुढची जास्तीची अडचण आहे, त्याचा अपराध नाही. अडचण जास्त असेल तर काळजी जास्त घ्यायची, एवढेच.

घरी गेल्यावर काय, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत असावे. कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरावी. शौचाला जोर करू नये, लागले तर इसबगोल घ्यावे. निदान दीड महिना हंडा, गॅस सिलिंडर, पिठाचा डबा उचलू नये. पोटपट्ट्याने दुखणे कमी होते, चालायला धीर येतो, म्हणून तो बांधावा, पण त्याने हर्निया टळतो असे सिद्ध झालेले नाही. आमच्याकडे ‘पट्टा आहे ना, मग उचल’ असे सासू म्हणते. ही समजूत कार्डावर खोडून काढायला हवी. जखमेतून पाणी आले की लगेच दाखवावे, पुढच्या तारखेची वाट बघू नये.

यातून पैसाही वाचतो, पण मी त्यासाठी लिहीत नाही. हर्निया झाल्यावर पुन्हा भूल, पुन्हा खाट, जाळी, आणि आधीच्यापेक्षा मोठे ऑपरेशन लागते. स्थूल रुग्णात दुरुस्त केलेला हर्नियाही पुन्हा होण्याची भीती जास्त. हा खर्च आपल्याच खजिन्यातून जातो. बाईच्या कमाईचे जे महिने बुडतात ते मात्र कोणत्याच खात्यात दिसत नाहीत.

म्हणून आपल्याकडे एवढेच मागते. पोटाच्या प्रत्येक ऑपरेशनच्या केसपेपरवर उंची आणि वजन अंदाजाने नाही, मोजून लिहिले जावे, आणि प्रत्येक सर्जिकल वॉर्डाला चालू स्थितीतला वजनकाटा मिळावा. नोंदवहीत छेदाची लांबी, लागलेला दोरा, टाके आणि शिवणाऱ्याचे नाव येईल असे रकाने करावेत. बारीक, सावकाश विरघळणारा दोरा लहान सुईसह आणि पोट मिटवण्यासाठीचे हातमोजे खरेदीच्या यादीत कायमचे असावेत. २७ च्या वर बीएमआय असलेल्या, स्वच्छ आणि नियोजित ऑपरेशनच्या रुग्णाला जाळी आधीच बसवायची की नाही, याचा निर्णय सर्जनला करता यावा आणि त्यासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अडथळा नसावा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये पलीकडच्या खात्यात येतात. शिकणारी मुले तिथे आहेत, तेव्हा हे पत्र आपण त्या दालनातही पाठवावे, ही विनंती.

सगळे एकदम शक्य नसेल, तर दोऱ्याच्या रकान्यापासून सुरुवात करावी. त्याला पैसे लागत नाहीत. माझ्या हाताने आखलेला पानाचा नमुना पत्रासोबत जोडला आहे. डावीकडून सहावा रकाना दोऱ्याचा आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, शस्त्रक्रियागृह